नऊ अंश डावीकडे

तीन पायांचे स्टूल डुगडुगत नाही. हे कुणाचे मत नव्हे, भूमिती आहे. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते, म्हणून जमीन कितीही उंचसखल असली तरी तीन पाय तिच्यावर एकदम टेकतात. चौथा आला की वादाला तोंड फुटते. मिलिमीटररावांना हे तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक होते आणि संसारातही त्यांनी ते पडताळून पाहिले होते. नवरा, बायको आणि मुलगी अशी घडी नीट बसलेली असे. मेहुणे मुक्कामाला आले की घर डुगडुगू लागे.

अडचण एवढीच होती, की त्यांच्या सर्वांत आवडत्या चित्रपटात तीन पायांचे एक स्टूल होते आणि ते स्वच्छ डुगडुगत होते.

चित्रपट जुना, काळापांढरा. म्हातारा बाप सासरी असलेल्या लेकीला भेटायला येतो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर टेकतो आणि विचारपूस सुरू झाली की खोटे बोलतो. "जेवता ना वेळेवर?" "अगदी घड्याळ लावून." स्टूल डावीकडे कलते. "डोळे काय म्हणतात?" "सुईत दोरा ओवतो." स्टूल पुन्हा कलते. असे सात वेळा होते, आणि सातव्या वेळी लेक आपले पाऊल पुढे करून स्टुलाच्या पायाला टेकू देते. या जागी भलेभले रडले आहेत. मिलिमीटररावही दर वेळी रडत, फक्त डोळे पुसता पुसता म्हणत, "पण हलतं कसं?"

मिलिमीटरराव हे नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेले नव्हते. ते इमारतीने बहाल केले होते. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाचे स्वागत करायला गेले असता त्यांनी दारातच, "आपलं पायपुसणं चार मिलिमीटर तिरकं आहे," असे सांगितले होते, आणि सांगून थांबले नव्हते. वाकून ते सरळही केले होते. हे नाव पाठीमागेच घेतले जाई. पण भिंती पातळ होत्या, किती पातळ ते त्यांनी मोजलेही होते, आणि नाव त्यांच्या कानांवर आले होते. त्यांना ते अपमानास्पद वाटले नाही. अपमानाची जागा दुसरी होती.

कारखान्याच्या कुठल्याही नकाशाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात: रचना, रेखांकन, तपासणी. छत्तीस वर्षांत मिलिमीटररावांची आद्याक्षरे सुमारे नऊ हजार नकाशांवर उमटली, आणि प्रत्येक वेळी मधल्याच चौकटीत. रचना साहेबांची, तपासणी मोठ्या साहेबांची, आणि मध्ये हे, दोन जाड माणसांच्या मधल्या आसनावर बसल्यासारखे. निवृत्तीनंतर ही सल निवाली असती, पण मेहुण्यांनी एकदा चहा पिता पिता विचारले, "भाऊजी, इतक्या वर्षांत तुम्ही स्वतः असं काय काढलंत? दुसऱ्याच्या डोक्यातलं कागदावर उतरवलंत. म्हणजे झेरॉक्सच की!" आणि आपल्याच विनोदावर इतके हसले, की बिस्किट चहात पडले. मिलिमीटररावांनी ते चमच्याने काढूनही दिले. सुसंस्कृत माणसाच्या हाती याहून अधिक काय असते?

त्यानंतर पंधरा दिवसांनी चित्ररसिक मंडळाचे परिपत्रक आले. सभासदांनी आवडत्या चित्रपटातली एक अर्थपूर्ण वस्तू निवडावी, तिच्यावरून घरात रोज वापरता येईल अशी वस्तू तयार करावी, संग्राहकांसाठी क्रमांक घालून बारा नग काढावेत. निवडक वस्तू नगरसभागृहातल्या प्रदर्शनात मांडल्या जातील व प्रत्येकीखाली रचनाकाराचे नाव असेल. शेवटचे तीन शब्द मिलिमीटररावांनी दोनदा वाचले. मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"मी स्टूल करणार," त्यांनी जाहीर केले.

"करा," पत्नी म्हणाली. "त्याआधी सिंकजवळची फरशी बसवा. अकरा वर्षं हलतेय. मी तिच्यावर पाय टाकायचा नाही हे आता झोपेतसुद्धा विसरत नाही."

"उद्या बघतो."

आता माप घ्यायचे कशाचे? मूळ स्टूल कुठे गेले कुणास ठाऊक. मिलिमीटररावांनी चित्रपट टीव्हीवर लावला, स्टूल कलले की चित्र थांबवले आणि काचेवर कोनमापक टेकवून कल मोजला. सहा वेळा नऊ अंश, डावीकडे. सातव्या वेळी थोडे अधिक आले, ते त्यांनी स्वतःच्या ओल्या डोळ्यांच्या खाती टाकले. उंची काढायला त्यांनी दृश्यातली कपबशी प्रमाण धरली; पण कपबशा लहानमोठ्या असतात असा संशय येऊन इमारतीतल्या अकरा घरांत जाऊन त्यांच्या कपबशा मोजल्या व सरासरी काढली. चार घरांनी त्यांना चहा दिला. दोघांना वाटले, हे खानेसुमारीचे काम आहे. एका घराने कपबशी लपवली.

वरच्या मजल्यावरचे दंतवैद्यही मंडळाचे सभासद होते. त्यांनी खलनायकाच्या सोन्याच्या दातावरून पेपरवेट केला होता व त्यामुळे ते अत्यंत निर्धास्त होते. "सोपं आहे," ते म्हणाले. "एका पायाचं मूळ सैल करा. रोज बघतो मी. वरून दात भक्कम, खाली सगळं हलतंय."

"स्टुलाला हिरड्या नसतात, डॉक्टर."

"तेच तर चुकलंय त्यांचं."

मिलिमीटररावांनी त्यांचा सल्ला ऐकला नाही असे दाखवले आणि घरी येऊन तंतोतंत तोच अंमलात आणला. डावा पाय दोन तुकड्यांचा, आत नळी, नळीत स्प्रिंग, वर पाय अडवून धरणारी एक अटक. वजन डावीकडे सरकले की अटक सुटावी, पाय आत जावा आणि स्टूल नऊ अंश कलून थांबावे. माणूस सावरला की पाय पुन्हा जागेवर. सात नकाशे झाले. सातव्यावर त्यांनी तीन चौकटी आखल्या आणि पहिल्या चौकटीत स्वतःची आद्याक्षरे इतक्या जपून घातली, की पत्नीने आतून विचारले, "काही लागलं का हाताला? आवाज का नाही येत?"

सुताराने नकाशा उलटासुलटा पाहिला. "साहेब, चाळीस वर्षं मी हलणारी स्टुलं घट्ट करतोय. घट्ट स्टूल हलतं करा म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"त्यात कला आहे."

"असेल. पण लोक स्टुलावरून पडले की कलेला शिव्या देत नाहीत. सुतार कोण होता विचारतात."

पहिला नग घरी आला त्या दिवशी मेहुणेही आले. "बघू तुमची झेरॉक्स," म्हणत ते बसले. अटक सुटली, पाय आत गेला आणि आतच राहिला. स्टूल नऊ अंशांवर थांबले नाही, तीस अंशांवर थांबले नाही. मेहुणे जमिनीवर थांबले. मिलिमीटररावांनी आधी स्टूल उचलले. पत्नीने हे पाहिले व पुढे कित्येक दिवस इतरांना सांगितले.

स्प्रिंग बदलली. आता ती इतकी कडक झाली, की दंतवैद्य बसले तरी स्टूल हलेना. "दाढ पक्की बसलीय," असे म्हणून ते उठले मात्र, आत दाबून बसवलेली स्प्रिंग सुटली, स्टुलाने बेडकासारखी उडी मारली आणि त्यांच्या नडगीचा वेध घेतला. त्या आठवड्यात इमारतीतल्या तिघांच्या दाढा जरा अधिक दुखल्या, असे म्हणतात.

तिसरा प्रयोग जमला. स्टूल नऊ अंशच कलायचे, डावीकडेच कलायचे आणि सावरायचे. फक्त कधी कलेल याचा नेम नव्हता. माणूस किंचित चुळबुळला पुरे. मिलिमीटररावांनी हा दोष म्हणून वहीत नोंदवला. तो दोष नव्हता हे त्यांना नगरसभागृहाच्या परवाना कार्यालयात कळले.

झाले असे, की नगरसभागृहात ठेवायच्या प्रत्येक आसनाला स्थैर्याचा दाखला लागे. अर्जात 'पायांची संख्या' असा रकाना होता व पुढे दोन पर्याय: चार, चारपेक्षा अधिक.

"तीन आहेत," मिलिमीटरराव म्हणाले.

"मग एक जोडून आणा, काका," कारकून म्हणाला.

"चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं डुगडुगत नाही. ही भूमिती आहे."

"छान. म्हणजे हे डुगडुगत नाही."

"हे डुगडुगतं."

कारकुनाने पेन खाली ठेवले. "डुगडुगतं ते आसन नव्हे, यंत्र. खिडकी सात."

खिडकी सातने मोटर कुठे आहे असे विचारले. मोटर नाही म्हटल्यावर, "मग हे फर्निचर," असा निर्वाळा देऊन त्यांना खिडकी दोनवर पाठवले. आणि खिडकी दोन म्हणजे तोच कारकून होता, फक्त आता चहा पिऊन आलेला. अशा चार फेऱ्या झाल्या. स्टूल प्रत्येक वेळी बरोबर. रांगेतली एक बाई दर वेळी आदराने जागा देई. तिला वाटले होते, बिचारे उभे राहू शकत नाहीत म्हणून स्वतःचे आसन घेऊन हिंडतात.

पाचव्या फेरीत अर्जच सापडेना. मिलिमीटरराव थेट अधिकाऱ्यांच्या खोलीत गेले. अधिकारी कपाटाच्या वरच्या फळीवरचे काहीतरी काढू पाहत होते. समोर आयते स्टूल आलेले पाहून ते त्यावर चढणार होते. मिलिमीटरराव किंचाळले, म्हणून नुसतेच बसले.

"तुमचा अर्ज माझ्याकडे आलेलाच नाही," ते म्हणाले.

स्टूल डावीकडे कलले.

अधिकारी सावरून बसले. "म्हणजे, आला असेल, पण मी पाहिलेला नाही."

स्टूल कलले.

दारातल्या शिपायाने हा चित्रपट पाहिला असावा, कारण तो तोंडावर हात धरून बाहेर गेला. अधिकाऱ्यांनी उठून खण उघडला. अर्ज सर्वांत वर होता. त्यावर कपाचा गोल डाग होता. "काही तरी मार्ग काढू," ते उभ्यानेच म्हणाले आणि दाखला लिहून दिला: 'प्रदर्शनीय वस्तू. बसण्यास सक्त मनाई.'

अशा रीतीने जगातले एक अत्यंत विचारपूर्वक रचलेले स्टूल कुणीही बसायचे नाही या अटीवर मंजूर झाले. मिलिमीटररावांनी तोही घोट गिळला. बारा नगांपैकी एक पुढे मांडायचा, उरलेले अकरा संग्राहकांसाठी सुताराने तयार करायचे, आणि खाली पितळी पट्टी: तीन चौकटी, पहिलीत आद्याक्षरे. एवढे झाले की मेहुण्यांना हाताला धरून त्या पट्टीसमोर उभे करायचे, बोलायचे काही नाही. हे दृश्य त्यांनी मनात इतक्या वेळा पाहिले होते, की त्यातल्या मेहुण्यांना आता थोडे टक्कलही पडले होते.

मंडळाची एकच अट उरली होती. मूळ वस्तू हाताळलेल्या एखाद्या माणसाने, 'ही मूळ वस्तूशी प्रामाणिक आहे,' असे लिहून द्यायचे. मंडळाच्या चिटणीसबाई चिकाटीच्या होत्या. त्यांनी त्या चित्रपटाच्या सेटवर सामान सांभाळणारे आजोबा शोधून काढले आणि उद्घाटनालाच बोलावले. वय चौऱ्याऐंशी, नजर अधू, आवाज मात्र अजून सेटच्या या टोकाहून त्या टोकाला जाणारा.

प्रदर्शनात गर्दी बरी होती. दाताच्या पेपरवेटभोवती माणसे हसत होती. स्टुलाभोवती माणसे गप्प उभी होती, आणि हे मिलिमीटररावांना मनातून फार सुखाचे होते. मेहुणेही आले होते. कमरेवर हात ठेवून, सुरक्षित अंतरावर.

आजोबा आले. पाटीवरचे 'सक्त मनाई' त्यांना दिसले नाही, किंवा दिसूनही पटले नाही. ते सरळ बसले. स्टूल कलले. आजोबा दचकले, हाताने चाचपले आणि म्हणाले, "ह्यात स्प्रिंग कुणी घातली?"

मिलिमीटरराव पुढे झाले. "मी. मूळ स्टुलात काय होतं?"

"काही नव्हतं."

"मग ते हलत कसं होतं?"

"हलत कुठे होतं? तीन पायांचं स्टूल हलतंय होय? शाळेत गेला होतात ना?"

मिलिमीटररावांच्या आयुष्यात इतका अन्याय क्वचितच झाला असेल. "मला माहीत आहे हलत नाही!" ते ओरडले. "छत्तीस वर्षं मी हेच म्हणतोय! पण नऊ अंश..."

"जमीन हलत होती," आजोबा म्हणाले. "सेटची जमीन फळ्यांची. स्टुलाखालची फळी मोकळी ठेवलेली, आणि तिच्याखाली मी पालथा. म्हातारा खोटं बोलला की मी पाठ वर करायचो. तीन दिवस. सातव्या वेळी शिंक आली, म्हणून जरा जास्त कललं, आणि त्या पोरीनं घाबरून पाय लावला. दिग्दर्शक म्हणाला, वा! हेच ठेवू."

ज्या क्षणावर एक अख्खी पिढी रडली होती, तो एका शिंकेचा होता, हे पचायला वेळ लागतो.

"मग चौथा पाय का नाही लावला?" मिलिमीटररावांनी क्षीण आवाजात विचारले. "आपोआप हललं असतं."

"सुतार जेवायला गेला होता. आला तोवर काम सुरू झालेलं."

चिटणीसबाईंनी घसा साफ केला. त्यांचा चेहरा खरोखरच दुःखी होता. "मग नियमाप्रमाणे... मूळ वस्तूशी प्रामाणिक असं नाही म्हणता येणार. स्टूल काढून घ्यावं लागेल."

"तरी मी सांगत होतो," मेहुणे मागून म्हणाले. त्यांनी काय सांगितले होते हे कुणालाच माहीत नव्हते, त्यांनाही नाही; पण या वाक्याला पूर्वेतिहास लागत नाही. मिलिमीटररावांनी स्टूल उचलण्यासाठी हात पुढे केला. शेजारची पाटी तिरकी झाली होती. किती, ते त्यांनी प्रथमच मोजले नाही.

"थांबा," आजोबा म्हणाले. त्यांनी स्टूल उलटे करून मांडीवर घेतले आणि पितळी पट्टीवरून बोट फिरवले. "हे काय?"

"तीन चौकटी असतात. रचना, रेखांकन, तपासणी. पहिलीत माझं... म्हणजे होतं."

"आणि तिसरी मोकळी का?"

"तपासायला कुणी नव्हतं."

आजोबा बराच वेळ बोटाने त्या रिकाम्या चौकटीच्या कडा चाचपत राहिले. "पडद्यावर नावं आली ना तेव्हा मी घरच्या सगळ्यांना घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "चहावाल्याचं आलं. माझं नाही. फळीखालचा माणूस दिसत नाही ना." मग एकदम चिटणीसबाईंकडे वळले. "कागद आणा. मी सांगतो ते लिहा. मूळ स्टुलाला रचना नव्हतीच. ते वीस मिनिटांत ठोकलेलं होतं. ह्या स्टुलाला रचना आहे, आणि ती ह्यांची आहे. मूळ वस्तूशी हे प्रामाणिक नाही. पण मूळ वस्तूसाठी कुणी खाल्ल्या नाहीत एवढ्या खस्ता ह्या माणसानं खाल्ल्यात. खाली माझी सही."

चिटणीसबाईंनी लिहिले. नियमात हे बसत नव्हते. पण नियम लिहिणाऱ्या त्या स्वतःच होत्या, आणि त्यांचे डोळे भरून आले होते. कागद स्टुलाशेजारी लागला. त्याखाली रचनाकार म्हणून पूर्ण नाव होते, आणि दुसऱ्या दिवशी मिलिमीटररावांनी सभागृहात येऊन पट्टीच्या तिसऱ्या चौकटीत आजोबांची आद्याक्षरे कोरली. मेहुण्यांनी कागदाखालचे भाऊजींचे नाव वाचले, पुन्हा वाचले आणि म्हणाले, "स्पेलिंग बरोबर आहे." त्यांच्याकडून हे मानपत्रच होते.

उरलेले अकरा नग त्याच आठवड्यात सुताराने घरी पोचवले. मिलिमीटररावांनी पहिल्यावर जपून बसून चुळबुळ केली. काही झाले नाही. दुसऱ्यावर बसले. नाही. अकराही स्टुले पहाडासारखी पक्की.

"स्प्रिंग कुठे आहेत?"

सुताराने खिशातून पुडके काढून टेबलावर ठेवले. "साहेब, रागवा, पण मी नाही घातल्या. एक नग केला तुमच्यासाठी. अकरा हलणारी स्टुलं माझ्या हातून गावात जायची म्हणजे मला दुकान बंद करावं लागलं असतं."

मिलिमीटरराव कितीतरी वेळ त्या अकरा स्टुलांकडे पाहत राहिले. सरासरी कपबशीवरून काढलेली उंची, घट्ट सांधे, आत काहीही नाही: मूळ वस्तूशी शंभर टक्के प्रामाणिक, आणि सुताराच्या हट्टामुळे. त्याला त्यांनी चहा पाजला आणि त्याचे बिस्किट चहात पडले तेव्हा स्वतः काढून दिले; या वेळी मनापासून.

दहा स्टुले संग्राहकांनी नेली. अकरावे पत्नीने ठेवून घेतले. "मला भाजी चिरायला बसायला होईल," म्हणाली आणि ते स्वयंपाकघरात सिंकजवळ नेऊन मांडले. संध्याकाळी मिलिमीटरराव स्वतःच्या रचनेवर अभिमानाने टेकले. ती समोर कांदा चिरत उभी होती.

"झालं ना आता तुमचं स्टूल?" ती म्हणाली. "नाव आलं, सगळं झालं. मग फरशी कधी बसवताय?"

"उद्या," मिलिमीटरराव म्हणाले. "उद्या नक्की."

त्यांच्या खालची जमीन हलली. अकरा वर्षे मोकळी असलेली फरशी एका कडेने खाली गेली, तिच्यावरचे तीन पाय भूमितीशी पूर्ण इमान राखून तिच्याबरोबर गेले, आणि रचनाकार डावीकडे कलले. त्यांनी अंदाज घेतला. नऊ अंश असावेत.

त्या अवस्थेत त्यांनी मोठ्या आशेने पत्नीच्या पावलाकडे पाहिले. तिनेही ते पाहिले. चित्रपट तिने त्यांच्याबरोबर तेवढ्याच वेळा पाहिला होता.

"मी नाही पाय लावणार," ती कांद्यावरून नजर न काढता म्हणाली. "पडा खुशाल."